ओपनएसएसएलची न लिहिलेली पानं

ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या एसएसएलचा आराखडा जाहीर केला तेव्हा भक्कम एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर अमेरिकन कायद्याच्या लेखी शस्त्रसामग्रीत मोडत होतं. देशाबाहेर पाठवायचं तर सरकारी परवाना लागे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या एरिक यंगला ही आडकाठी नव्हती. १९९५ मध्ये टिम हडसनच्या साथीने त्याने या आराखड्याबरहुकूम स्वतःचा कोड लिहिला, फुकट वाटला आणि नावात आपली आद्याक्षरं गुंफली: एसएसएलईएवाय. डिसेंबर १९९८ मध्ये इतरांनी ते काम पुढे चालवायला घेतलं. तेच ओपनएसएसएल.

कोड वारशात आला, तो वापरायचा कसा हे फारसं आलं नाही. जुन्या टिपणांची एक लांबलचक फाइल तेवढी मिळाली आणि पुढे तिच्यावरही ‘कालबाह्य’ असा शेरा बसला.

याची किंमत डेबियन या लिनक्स प्रणालीने मोजली. २००६ मध्ये तिथे हे पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला व्हॅलग्राइंड हे तपासणीचं अवजार दोन ओळींपाशी नेत होतं. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. एकीशेजारी टीप होती, की ‘प्युरिफाय’ (असंच दुसरं अवजार) इथे कुरकुरतं; दुसरीशेजारी काहीच नाही. त्याने ओपनएसएसएलवाल्यांना रीतसर विचारलं, कुणी ठाम अडवलं नाही, दोन्ही ओळी गेल्या. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवायला लागणारी सगळी रँडम सामग्री दुसरीतूनच आत येत होती! ती गेल्यावर बदलता असा उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. एका जातीच्या यंत्रावर, एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं. त्या ओळीशेजारी दोन शब्द कुणी लिहिले असते तर?

अर्थात, लिहिलं म्हणजे वाचलं जातंच असं नाही. सही तपासणाऱ्या ‘ईव्हीपी व्हेरिफाय फायनल’ या फंक्शनच्या माहितीच्या पानावर स्पष्ट आहे: सही खरी तर १, खोटी तर ०, भलतीच अडचण आली तर उणे १. जानेवारी २००९ मध्ये कळलं, की ओपनएसएसएलच्याच कोडमध्ये काही ठिकाणी ‘शून्य नाही ना, मग ठीक’ असा हिशेब होता. बिघडवलेली सही खरी म्हणून खपू शकत होती.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भगदाड गाजलं. ते दुखणं कोडचं होतं, पण त्यानंतर प्रकल्पाने स्वतःच्या उणिवांची यादी काढली तेव्हा अपुरं आणि चुकीचं डॉक्युमेंटेशन तिच्यात होतं. पुढे शिस्त आली. ‘मेक डॉक-निट्स’ ही आज्ञा दिली की पानांतल्या चुका समोर येतात. योगदान देणाऱ्याला एरवी करावा लागणारा करारनामाही (सीएलए) किरकोळ दुरुस्तीला माफ. बदल नोंदवतानाच्या (कमिटच्या) संदेशात ‘सीएलए: ट्रिव्हियल’ एवढं लिहिलं की पुरतं. सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीबरोबर प्रकल्पाने जाहीर केलं, की डॉक्युमेंटेशन ९४ टक्क्यांनी वाढलंय.

पान नसलेल्या जुन्या फंक्शनांची नावं मात्र ‘मिसिंग क्रिप्टो’ नावाच्या फाइलीत नोंदवून ठेवलेली असतात. ज्याला हातभार लावायचा आहे त्याने त्यातलं एक नाव उचलायचं, कोड वाचायचा, पान लिहायचं आणि ते नाव फाइलीतून काढून टाकायचं.