स्वप्न, परवाना आणि नोकरी

आकाशात घरघर ऐकू आली की हातातले काम टाकून अंगणात धावत यावे आणि विमान दृष्टीआड होईपर्यंत मान उंचावून पाहत राहावे, ही हौस आपल्या देशातल्या कित्येक पिढ्यांच्या बालपणाचा भाग होऊन राहिली आहे. ‘मोठेपणी मी वैमानिक होणार’ असे त्या वयात एकदाही न म्हणालेला मुलगा विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत ही प्रतिज्ञा प्राथमिक शाळेतच विरून जाते. ज्यांच्या बाबतीत ती विरत नाही, त्यांच्या वाटेवर पुढे काय काय येते हा विमानविद्येच्या इतिहासातला मोठा उद्बोधक विषय आहे. आणि ती प्रतिज्ञा एखाद्या मुलीने केली असेल तर तो अधिकच उद्बोधक होतो.

आपल्याकडे या स्वप्नाची सर्वांत प्रसिद्ध कथा जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांची. त्यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो येथे राहावयास जाई. तेथे शेजार होता लुई ब्लेरिओचा. १९०९ च्या जुलैमध्ये विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारा तोच हा ब्लेरिओ. समुद्रकाठच्या वाळूवर विमाने उतरताना या मुलाने पाहिली आणि तो त्या छंदात कायमचा गुंतला. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसावयास मिळाले. परंतु स्वतः विमान चालविण्यासाठी त्याला मुंबईत उड्डाणसंस्था निघेपर्यंत थांबावे लागले. १९२९ च्या फेब्रुवारीत त्याला जो परवाना मिळाला त्यावरचा अनुक्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, एकाच इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानातून, अहमदाबादमार्गे टाटा जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून तेच टपाल घेऊन त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीवरून मद्रासला गेले. आपल्या देशातल्या विमानवाहतुकीचा हा श्रीगणेशा.

ही गोष्ट आपण नेहमी अभिमानाने सांगतो, आणि ती तशी सांगण्याजोगीच आहे. परंतु तिच्यातील एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. टाटांना नोकरी मागावी लागली नाही. चालकाच्या जागेवर त्यांना कोणी बसविले नाही, कारण ती जागाच त्यांनी निर्माण केली होती. ज्याच्यापाशी असे सामर्थ्य नाही त्याला परवाना मिळाल्यानंतर कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. आणि स्वप्नाची खरी परीक्षा आकाशात होत नाही, त्या दारात होते.

येथे परवान्यासंबंधी थोडे सांगणे अवश्य आहे. त्या काळी परवाने मुख्यतः दोन प्रकारचे असत. ‘अ’ परवाना म्हणजे स्वतःच्या हौसेपुरते उडण्याची मुभा. त्यावर एक पैदेखील मिळविता येत नसे. मोबदला घेऊन उतारू किंवा माल न्यावयाचा तर ‘ब’ परवाना हवा. आता स्त्रियांच्या वाटेतला धोंडा पाहा. विमानवाहतुकीचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९२४ साली असा ठराव केला होता, की सार्वजनिक वाहतुकीच्या विमानांवर चालक म्हणून स्त्रियांना घेऊ नये. कारण दाखविले होते स्त्रीच्या शरीरधर्माचे. इंग्लंडमधल्या स्त्री-वैमानिकांनी विरोध केल्यामुळे १९२६ मध्ये हा ठराव रद्द झाला. कागदावरचा ठराव दोन वर्षांत पुसला गेला. मनातला ठराव पुसावयास किती वर्षे लागली, हीच या लेखाची कथा आहे.

आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-वैमानिकांत सरला ठकराल यांचे नाव ठळक आहे. पहिली कोण याबद्दल वाद आहे. त्यांच्याआधीही मुंबईत परवाना मिळविलेल्या स्त्रिया होत्या, पण तो वाद आपण बाजूला ठेवू. त्यांचे पती पी. डी. शर्मा हे टपालविमानाचे चालक, आणि सासरच्या घरात वैमानिकांची जणू परंपराच. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका लहान मुलीची आई असताना, साडी नेसूनच त्यांनी लाहोरच्या उड्डाणसंस्थेचे ‘जिप्सी मॉथ’ विमान एकटीने आकाशात नेले. हजार तासांच्या उड्डाणांचा अनुभव त्यांनी गाठीस बांधला. १९३९ मध्ये विमान-अपघातात पती गेले. त्यानंतर ‘ब’ परवान्याच्या शिक्षणासाठी त्या जोधपूरला गेल्या. एवढ्यात महायुद्ध पेटले आणि नागरी शिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर दोन मुलींसह दिल्लीस आल्या आणि साड्या व अलंकार यांच्या नक्षीकामात त्यांनी नाव मिळविले. २००८ साली त्या निवर्तल्या. हजार तास उडालेल्या या बाईंना उड्डाणाची नोकरी कधीच मिळाली नाही. येथे दोष कोणा व्यक्तीचा नव्हता, काळाचा होता, असे म्हणता येईल. पुढच्या कथेत मात्र तेवढी सोय नाही.

युद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि आपल्याकडे खाजगी विमान कंपन्यांचे पेव फुटले. वैमानिकांना मागणी होती. अशा वेळी, १९४७ साली, अलाहाबादच्या उड्डाणसंस्थेत शिकलेल्या प्रेम माथुर यांना व्यावसायिक परवाना मिळाला. त्यांनी एकामागून एक अर्ज केले. आठ कंपन्यांनी नकार दिला असे सांगतात. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विमानशर्यत जिंकली. एवढे झाल्यावर प्रश्न मिटावा की नाही? परंतु डाकोटाच्या पुढच्या भागात दोन जागा असतात. डावीकडे बसतो तो कप्तान, उजवीकडे बसतो तो सहवैमानिक. हात दोघांचेही चालतात, पण हुकूम डावीकडच्याचा. प्रेम माथुर उजवीकडे बसत. स्वतंत्रपणे विमान नेण्यास लागणारे तास पूर्ण झाल्यावर त्यांनी डावी जागा मागितली आणि कंपनीने ती नाकारली. स्त्री कप्तान आहे असे कळले तर उतारू बिचकतील, ही भीती! गंमत अशी की त्या सहवैमानिक असलेल्या विमानांतून इंदिरा गांधी आणि लालबहादूर शास्त्री यांनी प्रवास केल्याचे सांगितले जाते. ही मंडळी बिचकल्याचे कोठे ऐकिवात नाही. प्रेम माथुर यांनी ती नोकरी सोडली आणि काही काळ घनश्यामदास बिर्ला यांचे खाजगी विमान चालविले.

उतारूंच्या भीतीचे हे कारण मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. उतारूंना कोणी विचारले होते? आणि हे केवळ आपल्याच देशात घडले असेही नाही. अमेरिकेत १९३४ च्या डिसेंबरमध्ये हेलन रिची यांना सेंट्रल एअरलाइन्सने चालक म्हणून घेतले. तेथे कंपनीपेक्षा समव्यवसायीच आडवे आले. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतले नाही. हवा स्वच्छ असेल तेव्हाच त्यांना उडू द्यावे असा सरकारी सल्ला आला. वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या वाहतूक कंपनीत एमिली हॉवेल वॉर्नर या स्त्री-चालकाची नेमणूक होण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

तोपर्यंत आपल्याकडे दुर्बा बॅनर्जी यांना इंडियन एअरलाइन्समध्ये येऊन सात वर्षे झाली होती. लहानपणापासून विमानाचाच ध्यास घेतलेल्या या बंगाली मुलीने १९५९ मध्ये एअर सर्व्हे कंपनीत डाकोटा चालविण्यापासून आरंभ केला. तिने नोकरीचा विषय काढला तेव्हा हवाईसुंदरी होण्याचा सल्ला थेट मंत्र्यांकडून मिळाला, अशी आख्यायिका आहे. सल्ला देणाऱ्याला त्यात वावगे वाटले नसावे. तिने तो मानला नाही. १९६६ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये चालक म्हणून रुजू झाली आणि १९८८ मध्ये निवृत्त झाली.

आणि आता सौदामिनी देशमुख. आकाशात वावरणाऱ्या स्त्रीला याहून साजेसे नाव कोणत्या आईबापांना सुचले असते! त्या १९८० मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याहून सिल्चरला जाणाऱ्या ‘फॉकर फ्रेंडशिप’ विमानाच्या डाव्या जागेवर त्या बसल्या होत्या आणि उजव्या जागेवर निवेदिता भसीन. विमानातले सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. प्रेम माथुर यांना नाकारली गेलेली ती डावी जागा. पुढे १९९४ मध्ये सौदामिनीबाई एअरबस ३२० विमानाच्या कप्तान झाल्या.

अलीकडच्या काळात भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा बारांच्या पुढे गेले असून जगाच्या सरासरीच्या ते दुपटीहून अधिक आहे. आज शिक्षणासाठी लागणारा पैसा हा मुलगा-मुलगी दोघांच्याही वाटेतला मोठा अडथळा आहे; टाटांच्या काळी तो होता, अजूनही आहे.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवाच्या वाटेने सुमारे सतरा तासांनी बंगळूरला उतरले. चालककक्षात चौघी होत्या : कप्तान झोया अगरवाल, पापगारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. विमान उतरले ती तारीख होती ११ जानेवारी. उतारूंपैकी कोणी बिचकले नाही.