नाडीचा व्रण : कातडीच्या कर्करोगाचा आपल्याकडचा इतिहास

कातडीचा कर्करोग म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर ऊन येतं आणि गोरी कातडी येते. ते चूक नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार मेलॅनोमाचे नवे रुग्ण सुमारे ३ लाख ३० हजार. प्रमाण सर्वांत जास्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये. भारत या तक्त्यात तळाशी, कारण आपल्या त्वचेतलं मेलॅनिन उन्हाला बरंच अडवतं. मग लातूर-नांदेडच्या उन्हात जन्म काढणाऱ्यांनी निर्धास्त राहायचं का? इथं आपल्याला इतिहासाकडे जावं लागतं.

१७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्यानं धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. ऊन नव्हे, धंदा! १८६६ मध्ये डॉ. एल्म्स्ली यांनी काश्मीरच्या कांगडीबद्दल लिहिलं. अंगाशी धरलेली ती निखाऱ्यांची शेगडी. पोटाची कातडी वर्षानुवर्षं भाजत राहते आणि तिथंच गाठ उठते. आणि १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी कमरेवरचा 'धोतराचा कर्करोग' नोंदवला.

पुढे साडीचं नाव आलं. पण बरं का, दोष साडीचा नाही, आवळलेल्या नाडीचा आहे. आपण म्हणतो 'कंबर कसून कामाला लागली'. खुरपणी, ऊसतोड, धुणं, वाकणं-उठणं. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ एकाच जागी काचत राहते. घाम, धूळ, घर्षण. आधी काळा नाहीतर पांढरट पट्टा, मग जाड कातडी, मग चीर, मग न भरणारी जखम. अशा जुन्या जखमेत काही वेळा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग होतो. सगळ्यांना होत नाही, क्वचितच होतो. हेही सांगायला हवं.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. एकीची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी रोज लुगडं नेसणारी. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

अठरा महिने! कमरेची जखम दाखवायची कुणाला, ही अडचण आपल्या घरांत आजही आहे. हळद लावली, नाडी पुन्हा तिथंच बांधली.

आता मोजणीचं बघा. लातूरपासून फार लांब नसलेल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, देशातली पहिली. मोठं काम आहे ते. पण जगभरच्या वर्गीकरणात धडाच्या त्वचेला 'सी ४४.५' हा संकेतांक. त्यात रोगाची जागा येते, नाडी येत नाही. ती बाईला विचारूनच कळते. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही 'कारण' या शब्दावर तासन् तास घालवले. इथं कारण बोटभर रुंदीचं आहे. नाडी सैल बांधावी, पट्टा रुंद असावा, जागा बदलत राहावी, घरी असताना सैल गाऊन घालावा. आणि कमरेची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायला द्यावा.