तळटीप : नवारिनोचे पदक

मूळ मजकुरातील रौप्यपदक हे १७९३ ते १८४० या काळातील सागरी संग्रामांसाठी इंग्रज सरकारने १८४७ साली मंजूर केलेले होय. त्याच्या एका अंगास राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्यास समुद्राश्वारूढ त्रिशूळधारिणी ब्रिटानिया, आणि फितीवरील पट्टीवर 'नवारिनो' हे नाव कोरलेले. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसमधील नवारिनो येथे तुर्की-मिसरी आरमाराचा विध्वंस करणाऱ्या दोस्त ताफ्याचे सरखेल कॉड्रिंग्टन ज्या 'एशिया' जहाजावर होते, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधून १८२४ मध्ये पाण्यात सोडले होते. (त्या गोदीचा साग बहुतांशी मलबारी, आमच्या यवतमाळकडचा नव्हे, हे स्थानाभिमान्यांनी ध्यानी घ्यावे.) त्या लढाईनंतर वीस वर्षांनीही हयात असून ज्यांनी रीतसर अर्ज गुदरले, पदक प्रायः त्यांच्याच पदरी पडले.