मीठप्रेमी जीव : उपयोग काय आणि कोणाला?

आज आपण लवणप्रेमी सूक्ष्मजीवांकडे वळू या. म्हणजे ज्यांना जगायला भरपूर मीठ लागतं असे जीव. लोणच्याला, माशाला आपण मीठ लावतो, ते टिकावं म्हणून. मिठात जंतू वाढत नाहीत हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे आणि तो बहुतांशी खराही आहे. पण त्याच मिठात सुखाने नांदणारे काही जीव आहेत, आणि व्यापाऱ्यांची त्यांच्याशी गाठ पडली ती नुकसानीतून.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर खारवलेल्या कॉड माशाचा मोठा व्यापार होता. उन्हाळ्यात हा मासा लालसर पडून खराब होई. विल्यम फार्लो या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दाखवलं, की हा रंग सूक्ष्मजीवांचा आहे आणि ते मिठाबरोबरच येतात. खारवलेल्या कातड्यांवरही असेच लाल डाग पडत. तेव्हा प्रश्न एकच होता : यांचा नायनाट कसा करायचा?

फ्रान्सच्या दक्षिणेत मिशेल दुनाल यांनी १८३८ मध्येच मिठागरांतल्या लाल पाण्याचा अभ्यास केला होता. त्यात सापडलेल्या शेवाळाला १९०५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ दुनालिएला हे नाव मिळालं. कडक उन्हापासून बचाव म्हणून हे शेवाळ बीटा-कॅरोटीन साठवतं, अनुकूल परिस्थितीत कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत! आज ऑस्ट्रेलिया आणि इस्रायलमध्ये याची शेती होते. खाद्यरंग आणि पूरक गोळ्यांसाठी. पण बघा, दुनाल आणि हा उद्योग यांत जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर आहे.

आता एक साधी शंका. मीठ पाणी ओढून घेतं, मग हे जीव सुकून कसे जात नाहीत? याचं एक उत्तर इजिप्तमधल्या वादी नत्रून इथल्या जिवाणूत मिळालं. प्राचीन इजिप्शियन लोक ममी टिकवण्यासाठी खार आणत, तो इथूनच. या जिवाणूत १९८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना एक्टोइन नावाचा लहानसा रेणू सापडला. तो पेशीतलं पाणी आणि प्रथिनं सांभाळतो. पुढे हॅलोमोनास या दुसऱ्या मीठप्रेमी जिवाणूपासून तो काढण्याची गमतीदार रीत निघाली. जिवाणू खूप खारट पाण्यात वाढवायचे, मग एकदम कमी खारट पाण्यात टाकायचे. बाहेरचं मीठ कमी झालं की ते एक्टोइन बाहेर सोडतात. मग पुन्हा खारट पाण्यात. शास्त्रज्ञ याला 'दूध काढणं'च म्हणतात! आज हे एक्टोइन ॲलर्जीवरच्या डोळ्यांच्या थेंबांत, नाकाच्या फवाऱ्यांत आणि त्वचेच्या मलमांत असतं.

तिसरी गोष्ट स्पेनमधली. सांता पोला इथे मिठागरं आहेत. जवळच्या आलिकांते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका हे तरुण संशोधक तिथल्या हॅलोफेरॅक्स या सूक्ष्मजीवाचा अभ्यास करत होते. त्याच्या डीएनएमध्ये ठरावीक अंतराने तीच तीच अक्षरं येत होती. हे १९९३ मध्ये छापून आलं. अशी पुनरावृत्ती जपानमध्ये दुसऱ्या एका जिवाणूत १९८७ मध्ये दिसली होती, पण तिचा अर्थ कुणालाच लागला नव्हता. मोहिका मात्र तो धागा सोडेनात. मधल्या तुकड्यांत पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूंची नोंद आहे, म्हणजे ही जिवाणूंची प्रतिकारशक्ती आहे, असं त्यांनी मांडलं. नियतकालिकांनी लेख परत पाठवले; शेवटी तो २००५ मध्ये आला. पुढे २०१२ मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांनी दुसऱ्या जिवाणूतल्या याच यंत्रणेपासून जनुक कापण्याची कात्री बनवली. त्यांना २०२० चं नोबेल मिळालं. या क्रिस्पर तंत्रावरच्या सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने पहिली मान्यता दिली.

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या अंगाने यात दोन प्रश्न आहेत. पहिला, 'उपयोग काय?' हा आपण फार लवकर विचारतो. जून २०२० मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा आठवडाभर चर्चा झाली : प्रदूषण की चमत्कार? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की हा रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. चर्चा तिथेच थांबली. खरं तर अभ्यास तिथून सुरू होतो. मोहिकांना १९९३ मध्ये कुणी 'उपयोग सांगा, मगच पैसे' म्हटलं असतं, तर त्यांच्याकडे काय उत्तर होतं?

दुसरा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो : उपयोग कोणाला? सिकलसेलचे रुग्ण आपल्या नंदुरबारात आहेत, गडचिरोलीत आहेत, बहुतेक आदिवासी समाजातले. आणि अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर. ज्ञान मिठागरातून रुग्णालयापर्यंत आलं. धडगावच्या किंवा भामरागडच्या घरापर्यंत यायचं आहे. ते विज्ञान आपोआप करणार नाही. ते ठरवणं समाजाचं, सरकारचं, म्हणजे शेवटी आपलंच काम आहे.

संशोधनाच्या सुरुवातीला धीर धरायचा आणि औषध तयार झालं की मात्र अजिबात धीर धरायचा नाही, एवढंच या इतिहासातून आपण घेऊ या. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.