न जुळणारी हाडे आणि आघात-तरंग चिकित्सा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मोडलेले हाड जुळण्यास काळ लागतो, हे भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट असा अवधी सांगितला असून वड, पिंपळ, उंबर, पळस आदी वृक्षांच्या सालींच्या कुशा बांधण्याचा निर्देश आहे. आधुनिक अस्थिशल्यशास्त्रात इजेनंतर नऊ महिने उलटूनही न जुळलेले व अखेरच्या तीन महिन्यांत प्रगती न दाखविणारे हाड 'असंधित' मानण्याची व्याख्या रूढ आहे.

आघात-तरंगांचा इतिहास :
फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे डॉर्निअर कंपनीच्या यंत्राने मूत्रपिंडातील खडा प्रथमच शस्त्रक्रियेविना फोडण्यात आला. या तरंगांनी लगतच्या हाडांस अपाय होतो काय, याचा शोध घेताना ते अस्थिनिर्मितीस चालना देतात, असे आढळले. १९९१ मध्ये बल्गेरियातील वाल्चानोव्ह व मिहायलोव्ह यांनी असंधित हाडांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांनंतर तरंग-चिकित्सेच्या दोन गटांत ७० व ७१ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ७३ टक्के हाडे जुळली. तथापि हा अभ्यास भरपूर अस्थिकण धरणाऱ्या असंधित हाडांपुरताच होता. रक्तपुरवठा खुंटलेल्या हाडांना तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
अंबाजोगाई येथे १९७० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि शस्त्रक्रियेची सोय ग्रामीण मराठवाड्याच्या आवाक्यात आली. परंतु हा जिल्हा ऊसतोड कामगारांचाही आहे. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीचा 'कोयता' दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतो. नडगीचे हाड मोडल्यास एकट्याचा हंगाम बुडत नाही. कोयताच मोडतो आणि उचल अंगावर राहते. साहजिकच प्लॅस्टर उतरण्यापूर्वीच फडाकडे परतण्याचा मोह बळावतो. तरंग-चिकित्सेनंतरही हाड काही आठवडे स्थिर ठेवावेच लागते. यंत्र विश्रांतीला पर्याय देत नाही.

समारोप :
सुश्रुतांच्या कुशेपासून आघात-तरंगांपर्यंत साधने आमूलाग्र बदलली. काळ आणि स्थैर्य या दोन अटी मात्र कायम राहिल्या. त्या विश्रांतीच्या काळाचे मोल कोणी चुकवावयाचे, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासाइतकाच श्रमाच्या इतिहासाचा आहे. बीडपुरते तरी या दोन्ही इतिहासांचे वाचन एकत्रच करावे लागेल.