पाणी कुठवर येईल?

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर एकमेकांना ‘किती फूट?’ एवढंच विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. पण हा आकडा बंधाऱ्याचा. किती फुटांना कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे नदीकाठच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. नव्याने भाड्याने राहायला आलेल्याने काय करायचं?

त्याला लागतो नकाशा, आणि नकाशाला लागते जमिनीची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवस घिरट्या घालत जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची रडारने टिपली. एक अँटेना यानात, दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला; दोन डोळ्यांनी खोली कळते, तसंच. अमेरिकेबाहेरच्यांना मात्र ही माहिती बरीच वर्षं ९० मीटरच्या ढोबळ चौकोनांत मिळाली. ३० मीटरची खुली व्हायला २०१४ उजाडलं.

पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. ब्राझीलचे संशोधक अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ओली जमीन कुठली, कोरडी कुठली, हे शोधत होते. पुराचा विषयच नव्हता. २००८ मध्ये त्यांनी मांडलं, की समुद्रसपाटी विसरा. एखाद्या जागेचं पाणी वाहत ज्या ओढ्याला मिळतं, त्या ओढ्यापासून ती किती उंच, ते मोजा. या पद्धतीचं नाव ‘हँड’. हे आकडे एकदा तयार असले, की नदी चार मीटर चढल्यावर चारच्या आतले सगळे चौकोन निळे करायचे. झाला नकाशा, तोही काही मिनिटांत! अमेरिकेने पुढे देशभरच्या पूरनकाशांसाठी हीच युक्ती घेतली.

पण रडारला गर्द झाडीखालची माती नीट दिसत नाही, घरांची छपरंही उंचीत मिसळतात. चूक कित्येक मीटरची होऊ शकते. आता ४३ आणि ५५ फुटांतलं अंतर बघा: साडेतीन मीटरहून थोडंसंच जास्त. म्हणजे आमचा अख्खा महापूर त्या चुकीत मावतो. शिवाय नदी फुगली की ओढे उलटे भरतात, ते या सोप्या हिशेबात नीट बसत नाही. नकाशावर पांढरं राहिलेलं घर बघून कुणी रात्री तिथेच झोपलं तर?

म्हणून विमानातून लेसरने केलेली नेमकी मोजणी हवी. आणि पूर ओसरल्यावर भिंतींवर उरलेल्या गढूळ रेघा, रंग देऊन पुसल्या जाण्याआधी, टेप लावून मोजायला हव्यात.