खुडूक कोंबडी आणि पेटी

बोरिवलीच्या गावठाणात आमच्या परसात आजीच्या सात-आठ देशी कोंबड्या होत्या. एखादी खुडूक झाली की आजी टोपलीत पेंढा घालून दहा-बारा अंड्यांवर तिला बसवायची आणि भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. एकविसाव्या रेघेला चिवचिव ऐकू यायची.

गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली म्हशींसाठी वसली. पुढे तिथंच केंद्र सरकारचं कुक्कुटपालन केंद्रही आलं. उपनगरात पांढऱ्या लेगहॉर्नचं नाव झालं. आमच्या वडिलांनीही त्या आणल्या. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण खुडूक क्वचितच होते. मग अंडी उबवणार कोण? म्हणून घरात विजेची पेटी आली.

पंधराव्या दिवशी, भर पावसात, वीज गेली. पेटी गार पडायला लागली.

"बाळा, आण ती अंडी इकडे," आजी म्हणाली. "तांबडी बसलीय कालपासून."

बारातली नऊ पिल्लं निघाली.

आज कुणी घरासाठी पेटी घ्यायला निघालं, की मी सांगतो: पंख्याच्या पेटीत ३७.५ अंश टिकतात का, अंडी आपोआप फिरतात का, आणि बॅटरी जोडता येते का, हे बघा. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे पहिले १८ दिवस पाण्याचं भांडं बहुधा कोरडंच चालतं. शेवटचे तीन दिवस मात्र पाणी भरा आणि अंडी फिरवू नका.

आणि जमलं तर परसात एक देशी कोंबडीही असू द्या.